पोस्ट चार, अकरा मिनिटं

"ओरडू नकोस. पत्र मला आलंय, तुला नाही," आई म्हणाली.

"ओरडू नको तर काय आरती करू? नऊ वर्षं त्या खिडकीत उभी राहतेस तू. आणि कुणीतरी दोन ओळी खरडून तुला घरी पाठवतो. कुठल्या गाढवानं लिहिलंय ते दाखव मला."

"दिलं तर फाडशील."

"नाही फाडत."

"शाळेचा दाखला कुणी फाडला होता मग?"

मी पत्र हिसकावून घेतलं.

नीरजाई दूध शीतकरण केंद्र, जांभूळफाटा. सौ. हेमलता गावडे यांना कळवण्यात येते की पोस्ट ४, झाकण तपासणी, सोमवारपासून नव्वद दिवसांच्या प्रयोगासाठी बंद राहील. आधार : विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून आलेली शिफारस, एकमत त्र्याहत्तर टक्के. खाली चौकटीत त्या उत्तरांचा नमुना म्हणून एक वाक्य छापलं होतं. 'जिथे माणूस नुसता थांबवायला उभा आहे, तिथे माणूस नको, बटण पुरे.'

मी ते परत वाचलं. 'बटण पुरे.' असं आमच्या तालुक्यात दुसरं कोण लिहिणार? फाट्यावर मिसळ खाताना, दुसरा पाव संपायच्या आत, मीच लिहिलं होतं.

"आता काय झालं?" आई म्हणाली.

"चप्पल कुठंय माझी?" म्हटलं आणि बाहेर पडलो. चप्पल पायातच होती.

आधी पुस्तकाचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला 'व्यवसाय माहिती प्रणाली' नावाचा विषय असतो. त्याचं जुनं छापील पुस्तक मी रद्दीच्या दुकानात चाळलंय. दर धड्याच्या शेवटी पिवळी चौकट आणि चौकटीत कुठल्यातरी लांबच्या देशातल्या पिझ्झा कंपनीची गोष्ट. कंपनीचा माल वेळेत पोचत नाही, तर कोणती प्रणाली बसवावी, पाच गुण. आमच्याकडच्या पोरांनी पाठ करायचं, लिहायचं, विसरायचं.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या जागी जिवंत पुस्तक आलं. धडे तेच. नोंद आणि माहिती यातला फरक. प्रणालीची पाच अंगं, म्हणजे यंत्र, प्रोग्राम, नोंदी, कामाची रीत आणि माणूस. माणूस शेवटी. पण पिवळ्या चौकटीतली गोष्ट आता खरी असते. पन्नास किलोमीटरच्या आतल्या एखाद्या चालू धंद्याच्या नोंदी थेट पुस्तकात येतात. नावं पुसलेली, माल काय तेही पुसलेलं. 'संस्था क', 'पोस्ट ४', 'नाशवंत कच्चा माल'. दर आठवड्याला नवी गोष्ट, आणि ती फक्त आसपासच्या कॉलेजांनाच.

खरी करामत उत्तरांची आहे. बाजारात बोकड उभा करा आणि नुसतं बघून वजन सांगायला लावा. एकटा माणूस पाच-सहा किलोनं चुकेल. शंभर जणांना विचारा आणि सरासरी काढा, ती काट्याच्या अगदी जवळ येते. कुणी जास्त सांगतो, कुणी कमी, चुका एकमेकींना खाऊन टाकतात. पुस्तकवाल्यांनी तेच केलं. पोरांची उत्तरं वाचून पुस्तक त्यातला निर्णय वेगळा काढतं. दहापैकी सात पोरांचं एकमत झालं की तो निर्णय शिफारस म्हणून त्या संस्थेकडं जातो. संस्थेनं करारात लिहून दिलेलं असतं की नव्वद दिवस करून बघू. एका सल्लागारापेक्षा तीनशे पोरं बरी. आणि जमलंही ते. आमच्याकडच्या रोपवाटिकेतली रोपं ट्रेमध्येच मरायची, ती थांबली याच पुस्तकामुळं.

अट एकच. प्रत्येकानं बोकड स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला हवा. शंभर जणांनी एकालाच विचारून तोच आकडा सांगितला, तर ते शंभर नाहीत. तो एकच आहे.

आमच्या तालुक्यात तो एक म्हणजे मी.

दहावीच्या सहामाहीला गणिताच्या सरांनी माझी वही उघडायच्या आधीच विचारलं, कुणाची बघून उतरवलीस. मी वही त्यांच्या टेबलावर आपटली, दौत सांडली, त्यांचा शर्ट गेला. माझी शाळाही गेली. त्यानंतर आमच्या आळीतली तनिष्का भोईटे कॉलेजला लागली. तिनं एकदा तिचा धडा माझ्यापुढं टाकला. म्हणाली, बघ रे, मला कंटाळा आलाय. मी चार मिनिटांत उत्तर दिलं. तिला पूर्ण गुण. पुढच्या आठवड्यात तिच्या सहा मैत्रिणी. आता चार कॉलेजांतली दोनशे बारा पोरं. कुणी जुना लॅपटॉप दिला, कुणी गाडीत पेट्रोल टाकतं, मिसळ तर कायमची. मी एक उत्तर लिहितो, आणि मीच बनवलेला एक छोटा प्रोग्राम शब्द फिरवून त्याची दोनशे बारा रूपं करतो, म्हणजे पुस्तकाला संशय येत नाही. या प्रोग्रामचा मला फार अभिमान होता.

त्या आठवड्याची गोष्ट अशी होती. 'संस्था क. नाशवंत माल डब्यांतून येतो. पोस्ट ४ ला रोज सकाळी सरासरी अकरा मिनिटं रांग थांबते. नोंदवलेलं कारण : उशीर. उपाय सुचवा.' मला वाटलं, मासळी असेल, नाहीतर फुलं. धडा दोनशे नव्वद पोरांना आला होता. दोनशे बारा उत्तरं माझी. त्र्याहत्तर टक्के.

केंद्रावर गेलो तेव्हा देवकाते साहेब टाकीचं तापमान लिहीत होते. ते केंद्राचे व्यवस्थापक. माणूस वाईट नाही, पण कागदाच्या बाहेर बघत नाही.

"तुझ्या आईवर माझा राग नाही, इंद्रजित," ते म्हणाले. "पण रोज अकरा मिनिटं. कारण काय, तर उशीर. कुणाचा उशीर, कशाचा उशीर, काही नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"विचारलं की. म्हणाली, झाकण घट्ट होतं. नऊ वर्षं झाकण घट्ट असतं होय रे?"

"मग ते पत्र मागं घ्या."

"मला अधिकार नाही. करार आहे. उत्तरं बदलायची मुदत रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. एकमत सत्तरच्या खाली आलं तर शिफारस आपोआप पडते." मग त्यांनी वर बघितलं. "कॉलेजची पोरं तुला मानतात म्हणे. सांग की त्यांना. ज्यानं कुणी हे लिहिलं, त्याला आपला तालुका तरी माहीत आहे का कुणास ठाऊक."

मी सरळ बाहेर पडलो. एरवी मी असा सोडत नाही कुणाला.

घरी येऊन दोनशे बारा नवी उत्तरं सोडली. पोस्ट ४ ठेवा. दहा मिनिटांत आमच्या ग्रुपवर बोंब सुरू झाली. प्रत्येकाला पुस्तकाकडून एकच ओळ आली होती. 'नोंदी त्याच आहेत. उत्तर बदलायचं असेल तर नवा पुरावा जोडा.'

"इंद्या, हे काय आणलंस बाबा डोक्यावर?"

"भावा, पुस्तक बोलायला लागलं."

पुरावा म्हणजे काय ते मला माहीत होतं. लहानपणापासून बघत आलोय.

दूध घेऊन माणसं रांगेत येतात. आई खिडकीत. डबा पुढं आला की ती झाकण उचलते आणि पहिला वास घेते. पहिलाच. डबा बंद असताना दुधातून जे काही उडतं ते झाकणाखाली कोंडून बसलेलं असतं, आणि झाकण उघडलं की एका श्वासात निघून जातं. पुढचं यंत्र स्निग्धांश बघतं, पाणी बघतं, युरिया बघतं. गाईच्या कासेत गाठी धरणारा दगडी रोग झाला की दुधातले क्षार वाढतात, तेही यंत्र पकडतं. पण क्षार तिसऱ्या दिवशी वाढतात. आईला पहिल्या दिवशी कळतं. कसं, ते तिलाही सांगता येत नाही. म्हणते, दूध दुखतंय असा वास येतो.

आणि मग ती काय करते? काही बोलत नाही. झाकण उलटं ठेवते. बस. समोरचा माणूस समजतो, डबा उचलतो, काहीतरी विसरल्यासारखं करून भरल्या रांगेतून वाट काढत मागं फिरतो. घरी जाऊन कास बघतो, गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. मागच्याला वाटतं, याचं काहीतरी राहिलं असेल. डब्याचं वजनच होत नाही, त्यामुळं तो डबा आला होता हे यंत्राला कधीच कळत नाही. रांग थांबली म्हणून पडद्यावर कारण मागतात. चार बटणं : उशीर, गळका डबा, अर्धा डबा, वास. 'वास' दाबलं की नाव मागतं, त्या घराचं कार्ड लाल होतं, पंधरा दिवस दूध बंद आणि नाव दारावरच्या मोठ्या पडद्यावर. म्हणून आई नऊ वर्षं 'उशीर' दाबत आली.

शुक्रवारी दुपारी ती गोठ्यात होती. आमची एक गाय आहे, तांबू.

"मला नावं पाहिजेत," मी म्हटलं. "ज्यांची ज्यांची झाकणं उलटी ठेवलीस त्यांची. या वर्षातली चालतील."

"कशाला?"

"पुरावा म्हणून. तुझी पोस्ट राहील."

"आणि त्यांची तोंडं?"

"त्यांच्या तोंडाचं मला काय. तुझं काम जातंय, कळतंय का तुला?"

तिनं वैरणीचा भारा खाली ठेवला. "मी नवीन लग्न होऊन आले होते. तेव्हा खिडकीत एक बाप्या असायचा. त्यानं माझं झाकण उघडलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, गावडेंच्या नव्या सुनेचं दूध नासकं. गाईला दगडी झाला होता. पण नाव झालं माझं. तुझ्या आजीनं तीन महिने मला धारेला बसू दिलं नाही. बायका मला बघून पदर नाकाला लावायच्या, गंमत म्हणून. त्या खिडकीत मी उभी राहिले ती कशासाठी, वाटतं तुला?"

"पण नावं नाही दिलीस तर तू उभीच राहणार नाहीस."

"नावं दिली तर उभी राहून करू काय?"

मी पायानं बादली उडवली. रिकामी होती, तरी आवाज मोठा झाला. तांबू दचकली.

"तुला एवढी घाई कसली सुटलीये?" आई म्हणाली. "कालपासून बघतेय. माझं काम जातंय, तुझं काय जातंय?"

मग सांगितलं. उभ्या उभ्या, बादलीकडं बघत. मिसळ, चार मिनिटं, दोनशे बारा, सगळं.

ती बराच वेळ तांबूच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मला वाटलं, आता वैरणीची काठी बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"वाच," ती म्हणाली.

"काय?"

"तू लिहिलेलं. पूर्ण वाच."

मी मोबाईल काढून वाचलं. अकरा मिनिटं, कारण अस्पष्ट, माणूस अनावश्यक, बटण पुरे. माझाच आवाज मला परक्यासारखा वाटला.

"बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली. "जे दिसलं ते लिहिलंस. मीच तसं दाखवत होते."

आणि भारा उचलून आत गेली. नऊ वर्षांत कुणी तिला बरोबर-चूक असे गुण दिले नव्हते, आणि ती मला देऊन गेली.

तनिष्का त्यांच्या बॅटरी बदलायच्या दुकानात बसली होती. ऐकून आधी ती माझ्यावरच तापली.

"म्हणजे हेमामावशीला काढायला माझं पण नाव लागलंय?"

"लागलंय."

"आणि तू आता मला सांगतोस?"

"तू वाचलं असतंस तर तुलाच कळलं असतं. तुझं पुस्तक आहे ते."

ती पडद्यावर पुस्तक उघडून भराभर मागं गेली. "तू दुसरा धडा वाचलायस?"

"त्यावर प्रश्न येत नाहीत."

"म्हणूनच. हे बघ." तिनं पडदा माझ्याकडं फिरवला. 'जी गोष्ट नोंदीत नाही ती शोधायची असेल तर कामाच्या जागेवर जा, उभे राहा, बघा. प्रत्यक्ष निरीक्षण हाही पुरावा आहे. निरीक्षणात थांबा आणि त्याचं कारण दिसलं पाहिजे. व्यक्तीचं नाव देणं बंधनकारक नाही.' खाली एक बटण होतं. त्याच्या शेजारी लिहिलं होतं, आतापर्यंत वापर शून्य.

"तीन वर्षांत कुणीच नाही?"

"सकाळी साडेसहाला कोण जाणार उभं राहायला?"

मी आकडा लावला. दोनशे नव्वदचे सत्तर टक्के दोनशे तीन. सत्तरच्या खाली यायला दोनशे दोन हवेत. म्हणजे फक्त दहा जणांनी उत्तर बदलायला हवं. पण त्या दहांनी स्वतः तिथं येऊन, स्वतःच्या नाकानं, स्वतःच्या शब्दांत.

ग्रुपवर मी आयुष्यात पहिल्यांदा न फिरवलेलं काहीतरी टाकलं. 'संस्था क म्हणजे आपलं दूध केंद्र. पोस्ट ४ म्हणजे माझी आई. उत्तर मी चुकवलंय. दहा जण पाहिजेत. केंद्रावर यावं लागेल.'

उत्तरं यायला वेळ लागला नाही. "आता आईचं नाव पुढं करतो." "इंद्या, तुझा प्रोग्राम पाठव ना वास घ्यायला." "मला दुधाची ॲलर्जी आहे रे." सत्तर जणांनी नुसतं वाचलं.

शनिवारी संध्याकाळच्या दुधाला पाच जण आले, तनिष्का धरून. आईनं त्यांना खिडकीजवळ उभं करायला साफ नकार दिला. "रांग बघायची नाही. कुणाचा डबा आहे ते तुम्हाला कळता कामा नये." मग तिनंच तोड काढली. आतल्या बाजूला पत्र्याचा आडोसा उभा केला, पोरं त्याच्यामागं. झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि लगेच आडोशावरून पोरांकडं द्यायचं. झाकणं आत येतील, माणसं बाहेर राहतील.

बावन्न झाकणं झाली.

"मावशी, सगळ्या झाकणांना एकच वास येतोय," एक पोरगा म्हणाला.

"एकच कसा? हे मुरवलेल्या वैरणीचं, मुरघासाचं आहे. हे नुसत्या कडब्याचं. आणि ही म्हैस आटत आलीये, महिन्याभरात बंद होईल."

पोरांनी लिहून घेतलं. पण एकही झाकण उलटं झालं नाही. थांबा नाही, कारण नाही, पुरावा नाही. सगळ्या तालुक्याच्या गाई नेमक्या त्या दिवशी ठणठणीत. आई खूश होती. माझं टाळकं सटकलं होतं.

रविवारी सकाळी मी दोन कांदे कापले, फडक्यात बांधले आणि तांबूच्या दुधाच्या डब्यात गळ्याशी टांगून तासभर झाकण लावून ठेवलं. मग फडकं काढून फेकलं. रोज आमचा डबा शेजारचे खताळ आबा त्यांच्या छोट्या टेम्पोतून नेतात. त्या दिवशीही त्यांच्याच हातात दिला.

"आज डोळे का लाल रे?" आबांनी विचारलं.

"झोप नाही झाली."

"व्हय? मला वाटलं, आईसाठी रडलास. बरं दिसलं आसतं."

केंद्रावर सात पोरं होती. आदल्या दिवशीची पाच आणि नवीन दोन. मी आडोशामागं त्यांच्याबरोबर उभा राहिलो. देवकाते साहेबही आले होते, हाताची घडी घालून. झाकणं येत होती. एकोणतीस, तीस, एकतीस.

बत्तिसावं झाकण आईनं उघडलं, वास घेतला आणि थांबली. मग ते आडोशावरून आत दिलं. पोरांनी हुंगून परत दिलं. "ठीक आहे की," तनिष्का म्हणाली. सातही जणांना ठीक वाटलं. आईनं पळीभर दूध यंत्राला दाखवलं. हिरवा दिवा. देवकाते साहेबांनी खांदे उडवले.

आई म्हणाली, "कांदा आहे."

"गाईनं खाल्ला असेल," देवकाते म्हणाले.

"खाल्लेला कांदा दुधातून येतो, खालून. हा झाकणाला चिकटलाय, वरून आलाय. फडक्यातनं. फडकंही धुतलेलं, निळीचा वास आहे." तिनं मागं वळून आडोशावरून थेट माझ्याकडं बघितलं. "आमच्या घरात अजून नीळ घालतात."

रांगेत कुणाला काही कळलं नव्हतं. नेहमीसारखं झाकण उलटं ठेवलं असतं, 'उशीर' दाबलं असतं, तर मी सुटलो असतो. आबांनी डबा परत नेला असता. पोरांना जे हवं ते दिसलंच होतं.

तिनं झाकण उलटं ठेवलं. मग पडद्याकडं वळली आणि 'वास' दाबलं. पडद्यानं नाव मागितलं.

"गावडे," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी. "कार्ड एकशे चार. हेमलता गावडे. भेसळ आमच्या पोरानं केलीये."

दारावरच्या मोठ्या पडद्यावर आमचं नाव लाल झालं.  बायका बघत होत्या. कुणी पदर नाकाला लावला नाही.

मग खताळ आबा खाकरले. "हेमाक्का, आषाढात माझं झाकण उलटं ठेवलं व्हतंस. दोन दिवस अजून गेलं आस्तं तर गाय गेली आस्ती माझी. लिहा पोरांनो, खताळ म्हणून लिहा."

"नाव नका लिहू," आई म्हणाली. "त्यांनी आपणहून सांगितलं तरी नका लिहू."

देवकाते साहेब उलट्या झाकणाकडं असे बघत होते, जणू आजच दिसलं. "म्हणजे तो उशीर म्हणजे हे होतं? नऊ वर्षं?"

"तुमच्या यादीत चार बटणं आहेत, साहेब. पाचवं घाला. 'झाकण उलटं'. त्याला नाव मागायचं नाही."

"बिननावाचं बटण नसतं, ताई."

"नसतं म्हणून तर ही पोरं शिकतात ना?"

पोरं आडोशामागं खाली बसून लिहायला लागली होती. प्रत्येक जण वेगळंच लिहीत होतं. एकानं कांद्यापासून सुरुवात केली, एकीनं हिरव्या दिव्यापासून. तनिष्का तिसऱ्यांदा खोडत होती. एकाचं शुद्धलेखन इतकं भयानक होतं की माझा हात शिवशिवला, पण मी खिशात घातला. अर्ध्या तासात सातही उत्तरं पुस्तकानं घेतली. पुरावा मान्य. दोनशे पाच. अजून तीन.

घरी आल्यावर आईनं आधी पदर खोचला. मग तांबूचं दूध पातेल्यात ओतलं आणि चुलीवर ठेवलं.

"किती कांदे घातलेस?"

"दोन."

"पंधरा दिवस कार्ड बंद. सगळं दूध आपल्यालाच प्यायचंय. सकाळ-संध्याकाळ तू दोन तांबे. कांद्याचं तर आधी."

"फसवलं मी, मग माझं नाव का नाही दिलंस? तुझं दिलंस."

"कार्ड माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आणि एकदा तरी कुणाचं तरी नाव द्यावं लागणारच होतं. दुसऱ्या कुणाचं देणार?"

ते दूध मी प्यायलो. कांद्याचा वास मला अजूनही आला नाही. पण पिताना मी तांब्या तोंडाला लावायच्या आधी नाकाशी धरला होता, हे तिनं बघितलं, आणि हसू लपवायला पाठ फिरवली.

ग्रुपवरून दुपारपर्यंत चाळीस जण निघून गेले. त्यांना नवीन उत्तरवाला मिळाला असेल. प्रोग्राम मी अजून पुसलेला नाही, खोटं कशाला सांगू. पण लॅपटॉप ज्याचा होता त्याला परत करायला तनिष्काकडं ठेवलाय. तिनं बदल्यात सतरा नंबरचा फॉर्म पुढं केला, शाळेत न जाता दहावीला बसायचा. मी म्हटलं, बघू. तिनं म्हटलं, बघू नको, हुंग.

आता पाच वाजून पाच मिनिटं झालीत. संध्याकाळचं दूध सुरू झालंय आणि आई खिडकीत आहे, कदाचित शेवटचीच. मुदत सहाला संपते. तनिष्काचा आत्ताच फोन आला, फाट्यावर चार जण उतरलेत, तिथून आत केंद्रापर्यंत यायला त्यांना गाडी नाही, आणि त्यातला एक म्हणतोय वीस मिनिटांत कुणी आलं नाही तर परत जाऊ. मोटरसायकलवर चार बसत नाहीत. दोन फेऱ्या माराव्या लागतील, आणि ते पोचल्यावर एखादं झाकण खरंच उलटं व्हायला हवं. पेट्रोल आहे की नाही बघितलेलं नाही, मला आता निघायला हवं.